पान, मिरची आणि कोळसा

पुतण्याने कंपनीची माहिती चार कागदांवर लिहून आणली आणि जेवणं झाल्यावर सगळ्यांना वाचून दाखवली. कॉलेजात शिकतो, छान लिहिली आहे. आधी हाताने फिरवायच्या घिरटीवर भात भरडायचा धंदा, मग तेलाचं इंजिन, मग पोह्यांची भट्टी, मग पाटीवर ‘आणि कंपनी’ लागली, मग कोंड्याचा आणि कौलांचा व्यापार, मग विजेची मोटर आली. शेवटी लिहिलं आहे की आमच्या पोत्यांवर तुळशीचं पान छापतात ते मामंजींच्या भक्तीमुळे.

मी स्वयंपाकघराच्या दारात बसून ऐकत होते. पान भक्तीमुळे नाही. मामंजी देवळात जायचे ते सुद्धा पावसाचा अंदाज घ्यायला, कारण देवळाच्या पायरीवरून खाडीकडचं आभाळ दिसतं. पण इतक्या माणसांत मी काही बोलले नाही. मुलीची अर्धी कोरी वही घरात पडून आहे आणि चौथीपर्यंत शिकले तरी माझं अक्षर बरं आहे. म्हणून लिहून ठेवते. वही डाळीच्या डब्यामागे राहील.

मी लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा स्वातंत्र्य मिळून एक पावसाळा झाला होता. माहेर उरणकडचं. वडील मिठागरावर देखरेखीला होते. तिकडे दिवसभर वाऱ्याखेरीज आवाज नसायचा. इथे घराच्या मागच्या अंगणापलीकडेच गिरणी. सकाळी इंजिन सुरू झालं की फडताळातल्या कपबश्या वाजायला लागायच्या आणि भिंतीला टेकलं तर पाठीत पुकपुक व्हायचं. घरातली सगळी माणसं ओरडून बोलायची आणि त्यांना ते कळायचंही नाही. दुपारी इंजिन बंद झालं की पहिली घटकाभर तसंच ओरडत राहायची, मग एकमेकांकडे बघून आवाज उतरवायची.

मला मात्र इंजिन फार सोयीचं होतं. मी लहानपणापासून कमी बोलणारी. चार माणसं समोर असली की जीभ टाळ्याला चिकटते. इथे मी गप्प राहिले तरी लोक समजायचे, बोलली असेल, इंजिनात ऐकू आलं नसेल. पहिली काही वर्षं मी या जोरावर काढली.

ते इंजिन कसं आलं हे सासूबाई रंगवून सांगायच्या. मामंजींनी ते मुंबईहून मचव्यातून आणलं. पण निघायला उशीर झाला, ओहोटी लागली आणि मचवा बंदराच्या अलीकडे चिखलात बसला. अर्धं पनवेल काठावर जमलं. मामंजी गुडघाभर चिखलात उभे राहून इंजिनावर छत्री धरून होते, पाऊस नसताना. पुढच्या भरतीला मचवा धक्क्याला लागला, मग ओंडक्यांवरून सरकवत बैल जुंपून ते गिरणीत नेलं. नारळ फोडला, इंजिन चालू झालं, तांदूळ पांढराशुभ्र पडला, आणि कुणी घेईना.

गावातल्या बायका दुकानात येऊन विचारायच्या, उखळातला आहे का? नाही म्हटलं की पदर सावरून पुढे जायच्या. यंत्राच्या तांदळाला तेलाचा वास येतो असा बोभाटा झाला होता. वास खरं तर येत नव्हता. पण नाही म्हणून सांगायचं कुणी? गिरणीवाल्याने सांगून कोण ऐकणार?

तेव्हा मामंजींनी सासूबाईंना तांदूळ पारखायला बसवलं. सासूबाईंच्या नाकाची माहेरीही ख्याती होती. डोंगराखालच्या नेऱ्याकडचा तांदूळ कुठला आणि खाऱ्या जमिनीतला कुठला, हे त्या शिजलेल्या भाताची वाफ घेऊन सांगायच्या. मग पद्धतच पडली. भाताच्या गाड्या आल्या की प्रत्येक गाडीतलं मूठभर भात सडून तांदूळ घरात यायचा. पितळेची पाच छोटी तपेली होती, काठावर एक ते पाच खाचा पाडलेली, कुठली गाडी कुठल्या तपेल्यात ते कळावं म्हणून. पाचांत भात शिजवायचा, मिठाशिवाय. सासूबाई चुलीजवळ पाटावर बसायच्या. आधी वाफ घ्यायच्या, मग दोन शितं बोटांत चिरडायच्या, मग दाताखाली धरायच्या. त्या वेळी घरात कुणी फोडणी द्यायची नाही, उदबत्ती लावायची नाही.

आता निकाल पेढीवर कसा कळवायचा? पेढी पुढच्या ओटीवर, तिथे शेतकरी, दलाल, गाडीवाले बसलेले. घरातल्या बायकांनी तिथे जायचं नव्हतं. म्हणून सासूबाई तपेल्याच्या झाकणावर खूण ठेवायच्या. तुळशीचं पान ठेवलं तर तांदूळ आमच्या नावाने खायला विकायचा. लाल मिरची ठेवली तर ते भात पोह्यांच्या भट्टीला. कोळसा ठेवला तर गाडी परत. गिरणीत तांदूळ पाखडायला येणाऱ्या बायकांपैकी एक, मोठ्या हाडाची, खळखळून हसणारी बाई, ती तपेली परातीत घालून पेढीवर न्यायची. माल भरायच्या वेळीही तसंच. पोती बाहेर पडण्याआधी एक तपेलं शिजायचं, त्यावर पान पडलं तरच पोतं मचव्यात चढायचं. लोकांना हे आवडलं. गिरणीवालीच आपल्या तांदळावर कोळसा ठेवते म्हटल्यावर विश्वास बसला. बाजारात मामंजींना विचारायचे, शेठ, आज काय, पान का मिरची?

मी आले तेव्हा तांदळावर कंट्रोल होता. सरकार देईल ते भात भरडायचं आणि सांगेल तिथे पाठवायचं. चवीचं कुणी विचारत नव्हतं, मिळाला तर नशीब. पाच तपेली फळीवर पालथी पडली होती. कंट्रोल उठल्याची बातमी आली त्याच दिवशी सासूबाईंनी कल्हईवाल्याला अंगणात बसवून पाचांना कल्हई करून घेतली. मी त्यांना इतक्या खुशीत कधी पाहिलं नव्हतं. पाटही स्वतः घासला.

दोन हंगाम चांगले गेले. तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडाला सासूबाईंना ताप आला. पंधरा दिवस अंथरुणाला होत्या. उठल्या, हिंडू फिरू लागल्या. एका सकाळी मी विहिरीवरून आले तर स्वयंपाकघरात दूध करपल्याचा दर्प भरला होता आणि सासूबाई चुलीपासून दोन हातांवर शांतपणे वाल सोलत बसल्या होत्या. मी धावत जाऊन पातेलं उतरवलं. त्यांनी पातेल्याचं काळं बूड पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं की मला कळलं.

त्यांनी दार लोटून घेतलं. म्हणाल्या, “कुणाला सांगू नकोस. यांनाही नाही. तो पाट गेला की मी या घरात नुसती एक म्हातारी.”

मी मान हलवली. न बोलण्याचं वचन माझ्याइतकं सहज कोण देणार?

गाड्या यायला लागल्याच होत्या. आम्ही युक्ती केली. भाताचं पाणी निथळायचं काम माझं. तेव्हा वाफ माझ्याच तोंडावर यायची. वास चांगला असला तर मी हातातल्या बांगड्या कोपराकडे सारायच्या, नसला तर मनगटावर तशाच ठेवायच्या. बोटांनी आणि दातांनी पारखायचं ते सासूबाईच करायच्या, त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मग त्या माझ्या बांगड्यांकडे बघून पान ठेवायच्या. चार महिने एकही चूक झाली नाही. उलट मजा वाटायला लागली. एकदा माशी बसली म्हणून मी हात झटकला आणि बांगड्या वर गेल्या, तर सासूबाईंनी पान उचललंसुद्धा. मी घाईने बांगड्या खाली ओढल्या, त्यांनी पान खाली ठेवलं, मी पुन्हा वास घेतला आणि पुन्हा वर केल्या. परात न्यायला आलेली ती बाई म्हणाली, “वैनी, बांगड्या घट झाल्या का सैल झाल्या?” सासूबाई हसू दाबायला वळून चुलीत फुंकर घालत बसल्या.

त्याच वर्षी होळीनंतर मशीद बंदरच्या एका व्यापाऱ्याने लग्नसराईसाठी मोठा माल सांगितला. तोवर आमचा तांदूळ पनवेल आणि आसपासच्या गावांत जायचा. मुंबईला पूर्ण मचवा भरून जाणार तो पहिलाच. मामंजींनी त्याच वेळी पाटी रंगवून घेतली, आपलं नाव आणि पुढे ‘आणि कंपनी’. कंपनीत कोण कोण, असं माझ्या यजमानांनी विचारलं तर म्हणाले, तू, मी आणि इंजिन.

गोदामाची कौलं तेव्हा उतरवलेली होती. पावसाआधी बदलायची म्हणून. त्यामुळे मुंबईच्या मालातली निम्मी पोती घराच्या पडवीत रचली आणि निम्मी इंजिनाच्या खोलीला लागून असलेल्या छपरात. आठ दिवस ती तिथे होती.

माल भरायच्या आधी तपेलं शिजायचं होतं, आणि नेमकी मी चार दिवस बाजूला बसले. तेव्हाची रीत तीच होती, चुलीला शिवायचं नाही. घरात दुसरी सून तेव्हा आली नव्हती. सासूबाईंना एकटीनेच परीक्षा करावी लागली. मागच्या पडवीतल्या कोपऱ्यातून मला परात जाताना दिसली. झाकणावर तुळशीचं पान होतं. मला बरंच वाटलं. तांदूळ आमच्याच हाताखालून गेलेला, नेऱ्याकडचा चांगला कोळंब, त्याला काय होणार होतं?

चौथ्या दिवशी न्हाऊन मी आत आले. व्यापारी सकाळीच पोचले होते. मचवा धक्क्याला लागला होता आणि दुपारच्या भरतीला निघणार होता. रिवाज असा की पाहुण्याला त्याच मालातला भात जेवायला घालायचा. मी तांदूळ धुतला, आधण ठेवलं. पहिली वाफ आली तशी मी मागे सरले.

तांदळाला इंजिनाचा वास येत होता. थोडा नाही, चांगला. गिरणीच्या दारात उभं राहिल्यावर येतो तो.

ओटीवर जेवणाची पानं मांडून झाली होती. मी सासूबाईंना हळूच म्हटलं, “आई, भाताला वास येतोय.”

“चांगला?”

“इंजिनाचा.”

त्यांनी पातेलीवर वाकून वाफ घेतली. तोंड घामाने ओलं झालं, तरी वाकलेल्याच राहिल्या. मग उभ्या राहून म्हणाल्या, “मी पान ठेवलंय त्याच्यावर.”

त्यांना वाचवायचं एवढंच माझ्या डोक्यात आलं. म्हटलं, डब्यातला दुसरा तांदूळ लावते, पाव तासात होईल, पाहुण्यांना काही कळायचं नाही.

“आणि मचव्यात जाईल तो?” त्यांनी विचारलं.

त्यांनी एकदा पाटाकडे पाहिलं. मग चुलीच्या कडेचा विझलेला कोळसा उचलून त्यांनी पातेलीच्या झाकणावर ठेवला, पदराने पातेली धरली आणि स्वतः ओटीवर घेऊन गेल्या. पेढीवर पुरुष बसलेले असताना त्या तिथे गेलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. मी मागोमाग दारापर्यंत गेले आणि दाराआड थांबले.

पानांच्या मध्ये पातेली ठेवली तशी सगळे त्या कोळशाकडे बघत राहिले.

मामंजी म्हणाले, “हे काय? परवा पान होतं.”

“ते चुकलं.”

“तुझं कसं चुकेल?”

“मला दिवाळीपासून वास येत नाही. वास ही घेते, मी नुसती पान ठेवते. परवा ही बाजूला होती.”

सांगताना आवाज जरासुद्धा हलला नाही. पण पदराचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

मामंजींनी विचारलं, “मग आता कसला वास आहे?”

“तिला विचारा.”

पाहुण्यांच्या जेवणासाठी इंजिन बंद केलेलं होतं. त्या दिवशी मला लपायला काहीच नव्हतं. ओटीवर पुरुष, अंगणात पाखडणाऱ्या बायका, सगळे दाराकडे बघत होते. मी दाराची चौकट धरली. सासूबाई इतकं बोलल्या होत्या, माझा तर एक शब्द होता.

“इंजिनाचा,” मी म्हटलं.

एवढ्या शांततेत तो मला वाटला त्यापेक्षा फार मोठ्याने आला. अंगणातून त्या बाईचा आवाज आला, “वैनी, तुमाला आवाज हाय! आमी समजलेलो, नाय.”

मग जे झालं ते आठवलं की अजून हसू येतं. मामंजींनी कोळसा बाजूला करून झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाले, भाताचा येतोय. यजमानांनी घेतला. म्हणाले, छान आहे. इंजिनवर असणाऱ्या मिस्त्रीला हाक मारली. तो तेलाच्या फडक्याला हात पुसत आला, वाकून लांब श्वास घेतला आणि म्हणाला, “अव्वल माल हाय, शेठ.”

तिघांनीही माझ्या दिशेने पाहिलं. मला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं.

व्यापाऱ्यांनी पातेली आपल्याकडे ओढली. वाफ तोंडावर आली तशी मान मागे घेतली, तरी चार शितं चावून पाहिली. मग हळूहळू हसायला लागले. “शेठ, सूनबाईंचं बरोबर आहे. पण तुम्हाला कसं कळणार? मी सकाळी आलो तेव्हापासून मला तुमचा, मुलाचा, मिस्त्रीचा, सगळ्यांचा तोच वास येतोय.”

मामंजींनी आपली बाही हुंगली. मग दुसरी हुंगली. म्हणाले, “कुठे येतोय?” आणि तिथे सगळ्यांना हसू फुटलं. सगळ्यात शेवटी मामंजींना.

इतकी वर्षं इंजिनाजवळ काढून त्या पुरुषांच्या नाकाला तो वास वास म्हणून उरलाच नव्हता. आठ दिवस त्या छपराखाली येऊन जाऊन एकालाही काही वाटलं नव्हतं.

मी डब्यातला तांदूळ लावला. तो होईपर्यंत मंडळी पापड खात बसली. पडवीतली पोती चांगली निघाली. तीही मी शिजवून, हुंगून दिली. मचवा भरतीला अर्धाच भरून गेला. उरलेला माल अंगणात चटयांवर पसरून किती तरी उन्हं खाल्ली, वास कमी झाला पण गेला नाही. शेवटी कापडाला खळ करणाऱ्या एकाने तो नेला. मामंजी म्हणाले, आपला तांदूळ आता लोकांच्या अंगावर जाईल, पोटात नाही गेला तरी चालेल. पण मचवा गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी इंजिनाच्या खोलीतून छपरात उघडणारं दार विटांनी बुजवून टाकलं होतं.

मामंजी कुणावर रागावले नाहीत.

मचवा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी नेऱ्याहून दोन गाड्या आल्या. तांदूळ सडून आत आला. मी दोन तपेल्यांत शिजवला. पाट मांडला. सासूबाई आल्या नाहीत. मागच्या दारात बसून वाल सोलत राहिल्या. मी जाऊन उभी राहिले तर म्हणाल्या, नाक तुझं आहे, तूच ठेव. माझ्याने तो पाट शिववेना. भात गार व्हायला लागला. शेवटी परात न्यायला आलेल्या बाईने तपेली तशीच उचलली. झाकणावर काही नव्हतं.

पेढीवर गोंधळ झाला. पान नाही, मिरची नाही, कोळसाही नाही. असं कधी झालं नव्हतं. मामंजींनी झाकणं उलटी करूनही पाहिली म्हणे. गाडीवाला शेतकरी उन्हात उभा होता, त्याचं बोलणं मला आतपर्यंत ऐकू आलं. “शेठ, झाकनावर कायच नाय. आमी परत जावं का रावं?”

थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दारात चपला वाजल्या. मामंजी चपला काढून उंबऱ्यात आले, दोन्ही हातांत एकेक तपेलं. मी भिंतीकडे झाले.

“गाडीवाला खोळंबलाय,” ते म्हणाले.

सासूबाईंनी वालावरून मान वर केली नाही. “हिला सांगा. नाक हिचं.”

“नाक हिचं आहे. बोटं कुणाची होती? दात कुणाचे होते? चार महिने तांदूळ मोकळा का चिकट, जुना का नवा, कुणी सांगितलं? त्यात काही चुकलं?”

त्यांचे वाल सोलणारे हात थांबले.

“वास तिने सांगावा. पान तू ठेव. पाट दोन मांडा.”

तपेली खाली ठेवून ते निघाले. जाता जाता पुन्हा एकदा बाही हुंगली.

ते दिसेनासे झाल्यावर सासूबाई उठल्या. “दोनच कशाला, पाच पाट मांडा, गावजेवण घाला,” असं पुटपुटत येऊन आपल्या पाटावर बसल्या. मी दुसरा पाट घेतला. भात पुन्हा शिजवला. वाफ आली. मी सवयीने बांगड्या मागे सारल्या.

“बांगड्या राहू दे,” त्या म्हणाल्या. “तोंडाने सांग. कान आहेत अजून मला.”

इंजिन चालू होतं. मला ओरडूनच सांगावं लागलं की वास चांगला आहे, दुधासारखा आहे. त्यांनी शितं चिरडली, चावली, आणि दोन्ही झाकणांवर पान ठेवलं. अंगणात त्या बाईने ते पाहून हसत परात डोक्यावर घेतली आणि पेढीपर्यंत ‘पान हाय, पान हाय’ सांगत गेली.

तेव्हापासून हंगामात रोज मला इंजिनाच्या आवाजावर ओरडून वास सांगावा लागला. करपट, दमट, मातकट, गोडसर, पेंढ्याचा, गोणपाटाचा. शेजारणी म्हणायच्या, हिला इतर वेळी बोलतं करायचं तर हिच्यापुढे भात शिजवा. खरंच आहे. पनवेलमध्ये मी मोठ्याने जे काही बोलले ते सगळं तांदळाबद्दल.

त्या व्यापाऱ्यांनी मशीद बंदरात ही गोष्ट मीठमसाला लावून सांगितली. पुढच्या वर्षी त्यांनी निरोप धाडला, तुमच्या घरच्या बायका पान ठेवतात तेच पोत्यावर छापून पाठवा, म्हणजे गिऱ्हाइकाला ओळखू येईल. पेंटरने पत्र्यात पान कापून छाप केला. पहिला छाप आंब्याच्या पानासारखा दिसत होता. सासूबाईंनी त्यावर कोळसा ठेवून परत पाठवला. दुसरा मंजिरीसकट आला, तो पास झाला. तोच अजून चालतो.

पुढचं पुतण्याने बरोबर लिहिलं आहे. पोह्यांची भट्टी वाढली, कोंडा गुरांसाठी आणि तूस वीटभट्ट्यांना जायला लागलं, बंदरात गाळ भरत गेला तशी मचव्याऐवजी ट्रकने वाहतूक सुरू झाली. माझ्या लग्नाला पंधरा वर्षं होऊन गेल्यावर गिरणीत विजेची मोटर बसली. इंजिन एका खडी फोडणाऱ्याला विकलं. ते नेलं त्या दिवशी मामंजी दिवसभर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. घरातले आवाज उतरायला महिनाभर लागला.

त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी दुपारी यजमान जेवायला बसले होते. सासूबाई पाटावर होत्या. तोवर दातही गेले होते त्यांचे, पण बोटं शाबूत होती आणि पान त्याच ठेवायच्या. मी भात वाढला. यजमानांनी हात लावला आणि थांबले. वाकून ताटातला भात हुंगला. पुन्हा हुंगला.

“आज भाताला काय सुरेख वास येतोय,” ते म्हणाले. “कुठला तांदूळ आणलास?”

सासूबाईंनी आणि मी एकमेकींकडे पाहिलं. नेऱ्याकडचाच कोळंब. वर्षानुवर्षं तोच खात होते.

सासूबाई पुढे सरकल्या. “मला सांग बघू, कसा येतोय?”

यजमानांना सांगता येईना. चांगला येतोय, एवढंच म्हणत राहिले. मग सासूबाईंनी माझ्याकडे मान वळवली, आणि इंजिन नव्हतं तरी मी सवयीने ओरडूनच सांगितलं.